देवघरातला शिळाछाप

अमेरिकेत जुन्या जहाजांची शिळाछाप चित्रे जमवणारे हौशी लोक आहेत. १८४० साली 'लेक्झिंग्टन' ही आगबोट जळाली. न्यूयॉर्कच्या नॅथॅनिएल करियर यांनी लगेच तिचे चित्र छापले आणि ते धडाधड खपले. पुढे 'करियर अँड आइव्ह्ज' कंपनीने जहाजांची कितीतरी चित्रे काढली.

तुम्ही म्हणाल, आमच्या उमापुरात कुठला समुद्र अन् कुठली जहाजे? बरोबर! पण त्याच तंत्राने छापलेले लक्ष्मी-सरस्वतीचे चित्र तुमच्या आजीच्या देवघरात असू शकते. पुण्याची चित्रशाळा १८७८ सालची. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. १९७२ साली तो आगीत जळाला. म्हणून घरोघरी उरलेल्या चित्रांचे मोल जास्त.

तंत्र अगदी सोपे, बारावीच्या केमिस्ट्रीतले! तेल आणि पाणी एकत्र येत नाही, बस्स. गुळगुळीत चुनखडीवर तेलकट खडूने चित्र काढायचे, डिंक व थोड्या आम्लाचा हात द्यायचा, मग दगड ओला करायचा. शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त तेलकट रेघांना धरते. वर कागद दाबला की झाला छाप. रंगीत छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड! आजचे ऑफसेटही याच तत्त्वावर चालते.

मग जुना छाप ओळखायचा कसा? भिंग घ्या. एकसारख्या ओळीत बसलेले ठिपके दिसले तर ते अलीकडचे ऑफसेट. ठिपके लहानमोठे, हाताने टिपल्यासारखे दिसले तर शिळाछाप असण्याची शक्यता बरीच. चित्राखाली छापखान्याचे नावही शोधा.

घरात रंगकाम निघाले की फ्रेम ठेवून आतले चित्र फेकले जाते. तसे होऊ देऊ नका. ओल्या फडक्याने पुसू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. ऊन आणि ओल यांपासून लांब ठेवा. मागची जुनी फळी कागद पिवळा करते, म्हणून मध्ये आम्लरहित कागद घाला.

तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत गावी जाताना बॅगेत एक भिंग टाकाच!