पाठीवर मशीन असलेलं गिधाड वावरात दिसलं, तर काय करायचं?

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी आठच्या सुमारास शेजारच्या पोराचा फोन आला. "दादा, लवकर या. बांधीत लय मोठं पाखरू बसलंय. पाठीवर मशीन आहे त्याच्या."

मी गेलो तोवर तीस-चाळीस माणसं जमली होती. मधोमध गिधाड. मान उघडी, पंख अर्धवट सोडलेले, पाठीवर डबीएवढं यंत्र अन् त्यातून निघालेली बारीक तार. कोणी म्हणे आजारी आहे, कोणी म्हणे पाणी पाजा. एकजण तर म्हणाला, हे हेरगिरीचं पाखरू आहे, पोलिसांना सांगा. पोरं ढेकळं मारत होती.

१९२६ वर फोन लावला. दीड तासात वनरक्षक आले. त्यांनी आधी लोकांना लांब केलं आणि नुसतं बघत बसले. ऊन तापल्यावर अकराच्या दरम्यान ते गिधाड चार पावलं पळालं, पंख पसरले आणि उडून गेलं. त्याला काहीच झालं नव्हतं. पोटभर खाल्लं की गिधाडाला जड होतं, आणि थंड हवेत त्याला वर चढता येत नाही. ऊन तापून हवा वर उठायला लागली की ते तिच्यावर तरंगत वर जातं.

पण उडण्याआधी वनरक्षकाने एक प्रश्न विचारला होता. "आसपास कोणाचं ढोर मेलं का हो, दोन-चार दिवसांत?"

सगळे चूप. तीस-चाळीस माणसांत एकानेही तोंड उघडलं नाही. आजचा हा लेख त्या चूप बसण्याबद्दल आहे.

ही गिधाडं आली कुठून?

आपल्या बापाच्या काळात गिधाडं काही नवलाची नव्हती. ढोर मेलं की गावाबाहेर टाकायचं, दुपारपर्यंत आभाळात घिरट्या सुरू, अन् संध्याकाळपर्यंत हाडं तेवढी उरायची. नव्वदच्या दशकात ही गिधाडं पटापट संपली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्याण्णवपेक्षाही जास्त गेली. लांब चोचीच्या गिधाडांचंही जवळपास तेच झालं.

कारण सापडायला वेळ लागला. २००४ साली पाकिस्तानातल्या अभ्यासातून ते पुढे आलं. ढोरांना ताप, सूज, दुखण्यासाठी देतात ते डायक्लोफिनॅक औषध. ते दिलेलं ढोर दोन-तीन दिवसांत मेलं आणि गिधाडाने खाल्लं, की गिधाडाची किडनी बंद पडते. मान खाली घालून ते झाडावर बसून राहतं आणि काही दिवसांत मरतं. शवविच्छेदन केलं तर काळीज-किडनीवर चुन्यासारखा पांढरा थर दिसतो.

त्यात हिशेब असा वाईट, की एका मेलेल्या ढोरावर पन्नास-पन्नास गिधाडं बसतात. म्हणून शंभर ढोरांत एखादं जरी तसलं निघालं, तरी सगळा थवा संपवायला पुरतं. वर गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, अन् पिल्लू वयात यायला पाच वर्षं लागतात. गेलेली गिधाडं लवकर भरून निघत नाहीत ती यामुळे.

भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आणली. हरियाणातल्या पिंजोर इथे बीएनएचएस ही संस्था आणि तिथलं वनखातं मिळून पिंजऱ्यात गिधाडांची पैदास करतात. तिथली गिधाडं जानेवारी २०२४ मध्ये आपल्या विदर्भात आणली, काही ताडोबातल्या बोटेझरीला अन् काही पेंचला. आधी काही महिने मोठ्या जाळीच्या घरात ठेवली, इथल्या हवेची सवय होऊ दिली, मग पाठीवर यंत्र बांधून मोकळी सोडली.

यंत्र आहे, मग आपल्या फोनची गरज काहून?

हा प्रश्न मीही वनरक्षकांना विचारला. यंत्राला सगळं कळत असेल तर गावकऱ्यांनी कशाला धावपळ करायची?

पाठीवरचं यंत्र सौर ऊर्जेवर चालतं आणि पक्षी कुठे आहे ते कळवतं. एकाच जागी फार वेळ हालचाल नाही असं दिसलं, की माणसं शोधायला निघतात. पण यंत्राला काही गोष्टी कळत नाहीत. पक्ष्याने काय खाल्लं हे त्याला कळत नाही. तो पोट भरून बसलाय की विषाने मान टाकून बसलाय, हे कळत नाही. पोरं दगड मारतायत हे कळत नाही. यंत्र बंद पडलं किंवा गळून पडलं, तर पक्षी जिवंत आहे की मेला हेही कळत नाही. आणि जी मूळची रानातली गिधाडं आहेत, त्यांच्या पाठीवर तर यंत्रच नाही.

शिवाय गिधाड एका तालुक्यात राहणारं पाखरू नाही. ताडोबातून सोडलेलं एक गिधाड तर राज्यं ओलांडत पार तमिळनाडूत पोचल्याच्या बातम्या २०२४ च्या अखेरीस आल्या होत्या. इतक्या मुलखावर लक्ष ठेवायला वनखात्याकडे माणसं कुठून येणार? पण प्रत्येक गावात गुराखी आहे, धुऱ्यावर शेतकरी आहे, आणि आता जवळपास प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. पक्ष्याला काय झालं, हे सांगणारी माणसं आपणच.

कशाची खबर द्यायची?

एक, गिधाड जमिनीवर बसलंय, जवळ गेलं तरी उडत नाही, मान लोंबलेली आहे.

दोन, मेलेलं गिधाड. एक असो की चार. विजेच्या खांबाखाली मेलेलं असेल तर ते मुद्दाम सांगा, कारण तारांचा धक्का लागूनही मोठे पक्षी मरतात. खांबाचा नंबर कळवला तर फार उपयोग होतो.

तीन, मेलेल्या ढोराजवळ कुत्रे, कावळे, घारी असे बरेच जीव मरून पडलेत. हे विषाचं लक्षण आहे. इकडे वाघ-बिबट्याने गाय मारली की रागाच्या भरात कोणी तिच्यावर कीटकनाशक टाकतो. वाघ परत येतो न येतो, गिधाडं मात्र थव्याने मरतात. मी शेतकरी आहे, गोठ्यातली गाय गेल्यावर काय वाटतं ते मला सांगायची गरज नाही. पण विष टाकलं तर गायही गेली, भरपाईही गेली अन् वरून गुन्हा. त्यापेक्षा ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवा, पंचनामा होईपर्यंत जनावर हलवू नका.

चार, चांगली खबरसुद्धा खबरच आहे. ढोरावर गिधाडं उतरली, खाऊन उडून गेली, अमुक इतकी होती. झाडावर किंवा कड्यावर घरटं दिसलं. हेही कळवा.

गिधाडच आहे हे ओळखायचं कसं?

घारीला गिधाड समजून फोन करणारे बरेच असतात. घार लहान, तिची शेपटी टोकाला दुभंगलेली असते. गिधाडाची मान उघडी, त्यावर पिसं जवळपास नाहीत, शेपटी आखूड आणि पंख फळीसारखे रुंद. पंख पसरले तर माणसाच्या उंचीपेक्षा जास्त भरतात. पांढऱ्या पाठीचं गिधाड काळपट असतं आणि पाठीवर शेपटीच्या वर पांढरा पट्टा दिसतो. लांब चोचीचं गिधाड भुरकट, फिक्या रंगाचं. तरीही खात्री नसेल तर फोटो काढून पाठवा, चुकलं तर चुकलं.

खबर द्यायची कशी?

वनखात्याचा टोल फ्री नंबर १९२६. जनावरांच्या डॉक्टरसाठी सरकारी नंबर १९६२. आकडे तेच आहेत, फक्त मागचे दोन उलटे. रानातल्या जिवासाठी १९२६, गोठ्यातल्या जिवासाठी १९६२, असं लक्षात ठेवा. गावच्या वनरक्षकाचा नंबर फोनमध्ये असेल तर त्याहून बरं.

फोनवर एवढं सांगा: गाव, शिवार, जवळची खूण (बोडी, नाला, देऊळ), किती वाजता दिसलं, किती पक्षी, काय करत होते. फोटो लांबूनच काढा. घरकुलाच्या फोटोसाठी आपण लोकेशन दिसणारा कॅमेरा वापरतो ना, तोच इथेही चालतो. पायात कडी असेल तर तिचा रंग आणि नंबर दिसेल असा फोटो घ्या.

हात लावू नका. पकडू नका, पोत्यात घालू नका, पाणी पाजू नका. घाबरलेलं गिधाड खाल्लेलं सगळं ओकून टाकतं आणि त्याची ताकद जाते. मेलेलं असलं तरी पिसं, यंत्र, कडी काढू नका. गिधाड कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. आणि घरट्याचा ठावठिकाणा गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी तिथे जत्रा भरते.

फोन केला तर माझ्यावरच येईल का?

खरी भीती ही आहे. त्या दिवशी सगळे चूप बसले ते यामुळेच. वावरात मेलेलं गिधाड सापडणं हा गुन्हा नाही. ते मारणं, विष टाकणं, लपवणं, पिसं घरी नेणं हा गुन्हा आहे. जो स्वतः फोन करून कळवतो, त्याचं म्हणणं पहिल्यापासून नोंदीत येतं. जो पुरून टाकतो आणि नंतर यंत्राच्या लोकेशनवरून सापडतो, त्याला उत्तर देणं कठीण जातं.

त्या सकाळी शेवटी एक म्हातारबाबा पुढे आले. म्हणाले, "माझा बैल मेला परवा. नाल्याकडे टाकला." वनरक्षकाने विचारलं, इंजेक्शन काय दिलं होतं? बाबांचा चेहरा उतरला. पोराला घरी पिटाळलं. नशिबाने रिकामी बाटली गोठ्याच्या वळचणीला खोचलेली होती. तिच्यावर नाव होतं मेलोक्सिकॅम. वनरक्षक हसले, म्हणाले, हे चालतं, गिधाडाला याने काही होत नाही. बाबांचा अन् आम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बाबांना कोणी काही बोललं नाही. वहीत चार ओळी लिहिल्या, बाटलीचा फोटो घेतला, एवढंच.

मी मात्र घरी आलो ते मान खाली घालून. कारण त्याच्या दोन वर्षं आधी ऐन रोवणीत माझाही बैल गेला होता. गावात फिरून सुया देणाऱ्या एकाला बोलावलं, त्याने सुई टोचली, पैसे घेतले, गेला. दुसऱ्या दिवशी बैल मेला. ट्रॅक्टरला बांधून नाल्यावर ओढत नेला. सुईत काय होतं हे मी विचारलं नाही. आजही मला माहीत नाही. त्यावर कोण उतरलं असेल, तेही मला माहीत नाही.

बाटली बघायला पैसे लागत नाहीत

ढोराला दुखण्याचं औषध देताना नाव विचारा. मेलोक्सिकॅम आणि टोल्फेनामिक ॲसिड ही गिधाडांना सुरक्षित असल्याचं तपासून सिद्ध झालंय. डायक्लोफिनॅक २००६ पासून, तर केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक २०२३ पासून जनावरांसाठी बंद आहेत. माणसांच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या बाटल्या ढोरांना टोचल्या जायच्या, म्हणून २०१५ मध्ये त्या बाटलीचं माप ३ मिलीवर आणलं. तरी कोणी तीन-चार बाटल्या फोडून देत असेल तर नाही म्हणा, आणि १९६२ ला फोन करा.

बाटली फेकू नका. ढोर बरं होईपर्यंत वळचणीला खोचून ठेवा. ढोर मेलं आणि बंदी असलेलं औषध दिलेलं असेल किंवा काय दिलं ते माहीतच नसेल, तर उघड्यावर टाकू नका, खोल खड्डा करून पुरा. औषध दिलेलं नसेल तरच गिधाडांसाठी उघड्यावर ठेवायचं. रायगडातल्या चिरगावला, नाशिककडे हरसूलच्या बाजूला आणि आपल्या शेजारच्या गडचिरोलीत लोकांनी अन् वनखात्याने मिळून अशा जागा चालवल्या आहेत.

यात आपला काय फायदा, असं कोणी विचारेल. गिधाडं गेली तेव्हा मेलेली ढोरं कुत्र्यांना मिळाली. कुत्रे वाढले. कुत्रं चावल्यावर रेबीजच्या सुया घ्यायला तालुक्याला कोण पळतं, ते सांगायला नको.

सप्टेंबरचा पहिला शनिवार जगभर गिधाड जागृती दिवस म्हणून पाळतात. पण तोवर थांबायचं कारण नाही. आजच फोनमध्ये दोन नंबर सेव्ह करा, १९२६ आणि १९६२. आणि पुढच्या वेळी वनरक्षकाने विचारलं, "कोणाचं ढोर मेलं का?", तर चूप बसू नका.