चाकांवरचं बिऱ्हाड

फाल्गुन सरत आला की पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. पुढे फडाचं नाव रंगवलेला फलक, आत सतरंजी, मॅनेजर आणि त्याची तारखांची वही. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पारनेर अशा तालुक्यांतली पंचमंडळी इथे येतात, चहा घेतात, घासाघीस करतात आणि गावच्या यात्रेची सुपारी ठरवून विसार देऊन जातात. या गावाला तमाशाची पंढरी म्हणतात ते याच बाजारामुळे.

तमाशावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण गण, गवळण, बतावणी, वग, लावणीचा शृंगार, ढोलकीचा तोडा हे सगळं बोर्डावरचं, म्हणजे रंगमंचावरचं. ढोलकीफडाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेपर्यंत चालतो. या सात महिन्यांत शंभराच्या आसपास माणसांचा मोठा फड रोज गाव बदलत राहतो. त्यांची भाकरी, अंघोळ, झोप, आजारपण यांबद्दल आपण फारसं विचारलेलं नाही, आणि मला या लेखात तेवढंच विचारायचं आहे.

फडाचं घर म्हणजे त्याच्या गाड्या. एका ट्रकमध्ये कनाती, बांबू, लोखंडी खांब आणि बोर्डाच्या फळ्या, दुसऱ्यात जनरेटर, दिवे, कर्णे. कलाकारांसाठी बस असते, नाहीतर ट्रकच्या हौद्यात पेट्यांवर अंथरूण टाकून सोय करायची. प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी. तिच्यात नऊवारी, चाळ, रंग, औषधाच्या गोळ्या आणि देवाची तसबीर. सात महिन्यांचा संसार त्या पेटीत मावेल एवढाच ठेवायचा.

या घराचा दिवस उलटा चालतो. खेळ रात्री उशिरा संपतो. प्रेक्षक पांगले की बिगारी खांब उपटायला लागतात, बाया चेहऱ्यावरचा रंग पुसतात आणि पहाटेच्या आत गाड्या पुढच्या गावाच्या वाटेला लागतात. झोप काय ती या प्रवासात, दचके खात. सकाळी नव्या गावच्या माळावर उतरायचं. बिगाऱ्यांना लगेच खड्डे खणायचे असतात, आचाऱ्याला चूल मांडायची असते. बाकीचे पाणी शोधायला निघतात. विहीर कुणाची, मोटर कधी सुरू होते, नदीला पाणी आहे का, ही चौकशी रोजची. चैत्र-वैशाखात मीना, कुकडी आणि घोड या नद्यांना पाणी असणं धरणाच्या आवर्तनावर ठरतं, म्हणजे फडातल्या बायांची अंघोळसुद्धा. जेवण मात्र सगळ्यांचं एका भांड्यातलं, बहुतेक दिवस भात-आमटी नाहीतर भाकरी-कालवण. दुपारी पेटीला टेकून डोळा लागला तर लागला.

यात्रेच्या गावात तेवढीही उसंत नसते. रात्री खेळ झाला की दुसऱ्या दिवशी हजेरीचा कार्यक्रम करावा लागतो, भर उन्हात, जागरणाचे डोळे घेऊन. चैत्र हा जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या यात्रांचा महिना. मुंबईला गेलेली माणसं, त्यांत डबेवालेही आले, यात्रेसाठी गावी येतात. दिवसा शर्यतीच्या घाटात बैलगाडे पळतात, रात्री तमाशा. वर्षाची कमाई या थोड्या आठवड्यांवर तोलून धरलेली असते, कारण हंगामाआधी घेतलेली उचल फेडायची असते. पावसाळ्यात कामाविना बसलेल्या घराला फडमालक उचल देतो, मालक ती सावकाराकडून आणतो, आणि दोघंही पुढच्या हंगामाला बांधले जातात.

बायांचं जिणं याहून अवघड. माळावर आडोसा नसतो. म्हणून उजाडायच्या आत नाहीतर अंधार पडल्यावर उरकायचं, पाणी कमी प्यायचं. पाळीचे चार दिवसही नाचाचेच. आणि राहुटीच्या कनातीपाशी घुटमळणारी टोळकी कुठल्या गावात नसतात? लहान मूल अंगावर पितं असेल तर ते बरोबर, शाळेच्या वयाचं आजीकडे गावी. फडांतले बहुतेक कलाकार दलित आणि भटक्या समाजांतले आहेत. रात्री शिट्ट्या मारणारं गाव सकाळी त्यांना पाणी भरू देताना हात आखडतं, याचा उगम जातिभेदातही आहे.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांची एक हकिगत सगळा महाराष्ट्र सांगतो. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, बोर्डामागे त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. ही हकिगत आपण त्यांच्या कलानिष्ठेसाठी सांगतो. मला ती ऐकताना दरवेळी वाटतं की तिथे दाई नव्हती, गरम पाणी नव्हतं, पडून राहायला खोली नव्हती. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेल्या या कलावतीचे अखेरचे दिवस आर्थिक ओढाताणीत गेले. २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. पुरस्कार योग्यच आहे, पण तो मिळतो तेव्हा कलावंताचे गुडघे गेलेले असतात.

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता. देशभरची टाळेबंदी सुरू झाली ती त्याच दिवशी. नारायणगावच्या बाजाराचा ऐन भर, आणि यात्रा एकामागून एक रद्द. विसार परत मागितले गेले. पुढच्या वर्षीचा चैत्रही तसाच गेला. कनाती गोदामात पडून राहिल्या, कलाकार मिळेल ती मजुरी करू लागले. त्याआधीपासूनच ध्वनिक्षेपकावरच्या रात्री दहाच्या मर्यादेने वग आखडला होता. पूर्वी पहाटेपर्यंत चालणारा खेळ आता चार गाण्यांत उरकावा लागतो.

याच सुमाराला दुसरी एक गोष्ट घडत होती. २०१८ मध्ये जुन्नर हा राज्याचा पहिला पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. २०२१ मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाडीतच झोपायची, स्वयंपाकाची सोय आणि मुक्कामाच्या जागी पाणी, वीज, स्वच्छतागृह असलेले तळ. शिवनेरी, नाणेघाट, भीमाशंकर पाहायला येणाऱ्या कुटुंबांसाठी हे चांगलंच आहे, व्हावंच. पण गाडीत राहून गावोगाव फिरणारी माणसं या रस्त्यावर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सुट्टी म्हणून फिरणाऱ्याला जे लागतं, तेच पोटासाठी फिरणाऱ्यालाही लागतं: सपाट जागा, नळ, दिवा, कडी लागणारं दार.

अशी सोय करणं फार खर्चाचं काम नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरवला, आणि आज या दोन्ही तालुक्यांत गावोगावी शर्यतीचे पक्के बांधलेले घाट दिसतात. लोकवर्गणी गोळा करणारी यात्रा कमिटी जिथे घाट बांधू शकते, तिथे त्याच माळाच्या कडेला चार स्नानगृहं, चार संडास आणि पाण्याची एक टाकीही बांधू शकते. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत ती सोय ऊसतोडीच्या टोळ्यांना, मेंढपाळांच्या वाड्यांना आणि भीमाशंकरला चालत निघालेल्या यात्रेकरूंनाही वापरता येईल. आणि सुपारी ठरवताना पंचांनी रकमेबरोबर फडाच्या मुक्कामाची जागा, पाणी आणि रात्रीचा राखणदारही मॅनेजरच्या वहीत लिहून द्यावा. नारायणगावच्या राहुट्यांतली बोलणी पुढच्या फाल्गुनात सुरू होतील, त्याच्या आत एखाद्या ग्रामसभेला हा ठराव करता येईल.