नवजन्म, ख्रिस्ती

नवजन्म, ख्रिस्ती : श्रद्धेमुळे माणसाच्या अंतःकरणात घडून येणारे मूलगामी परिवर्तन, या अर्थाची ख्रिस्ती धर्मशास्त्रातील संकल्पना. पुनर्जन्माशी तिचा संबंध नाही. याच देहातील, याच आयुष्यातील नवा आरंभ तिला अभिप्रेत आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात, येशू व निकदेम यांच्या संवादात ती येते. तेथील मूळ ग्रीक शब्दाचे ‘पुन्हा’ आणि ‘वरून’ असे दोन्ही अर्थ होतात. हा जन्म स्वप्रयत्नाने साधत नसून ईश्वरी कृपेने लाभतो, असे त्यातून सूचित होते.

रोमन कॅथलिक परंपरेने नवजन्माचा संबंध बाप्तिस्म्याशी जोडला. प्रॉटेस्टंटांतील अनेक पंथांनी व्यक्तिगत अनुभवावर भर दिला. या दोहोंत किती अंतर पडू शकते, हे पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) चरित्रावरून दिसते. आईवडील, भाऊ आणि पती यांच्या मृत्यूनंतर त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. मात्र आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण त्याचा प्राण असलेला ख्रिस्त मिळाला नाही, ही जाणीव त्यांना आणखी आठ वर्षांनी झाली, असे त्यांच्या १९०७ मधील आत्मनिवेदनात म्हटले आहे. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांनी या सुमारास वाचले होते. हॅस्लमला हा अनुभव आला, तोही स्वतः प्रवचन करीत असताना.

या आंतरिक बदलाचे पडसाद बाहेरही उमटले. धार्मिक तटस्थतेच्या ग्वाहीवर चाललेल्या ‘शारदा सदना’तील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या, तेव्हा १८९३ मध्ये न्या. रानडे व रा. गो. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंना जी मुक्ती वाटली, ती त्यांच्या हितचिंतकांना वचनभंग वाटली. दोन्ही बाजूंचा प्रामाणिकपणा मान्य करावा लागतो.

नवजन्माचे फळ म्हणजे आशा. मराठी संतपरंपरेत आशा हा तोडावयाचा पाश मानला जातो, त्यामुळे हा शब्द येथे काहीसा परका वाटतो. ख्रिस्ती विचारात मात्र आशा म्हणजे वासना नव्हे. ख्रिस्ताच्या पुनरुत्थानावर आधारलेला, मृत्यूसमोरही न ढळणारा भरवसा होय. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणून केडगाव येथे वसविल्या. १९०५ मध्ये तेथील ‘मुक्ती’ संस्थेत पापांची कबुली, अश्रू आणि सामुदायिक प्रार्थना यांची लाट उसळली. हिब्रू व ग्रीक मूळ ग्रंथांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम रमाबाई करीत होत्या. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली, तरी ते थांबले नाही. संस्थेच्याच छापखान्यात तेथील स्त्रियांनी छापलेले हे भाषांतर रमाबाईंच्या पश्चात १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.