व्यसनी मुलगा पकडला गेला, तर उपचाराची वाट कुठली?

समजा, मांडवीतल्या एखाद्या घरातला पंचविशीचा मुलगा गर्दच्या पुडीसह पकडला गेला. घरचे लाजेने दार लावून घेतात, नाहीतर कर्ज काढून वकील शोधतात. पण उपचाराचे कोणी बोलत नाही. खरे तर व्यसन हा आजार आहे आणि कायद्यानेही त्यासाठी वाट ठेवली आहे.

कायदा काय सांगतो?
1985 च्या एनडीपीएस कायद्यात विकणारा आणि ओढणारा यांत फरक केलेला आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असेल (गर्द 5 ग्रॅम, चरस 100 ग्रॅम, गांजा 1 किलोपर्यंत), तर दोन कलमे लक्षात ठेवा.

कलम 64-अ : व्यसनी आरोपी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले, तर ते काढून घेता येते.

कलम 39 : दोषी ठरल्यावरही न्यायालय त्याच्या संमतीने, शिक्षेऐवजी बंधपत्रावर उपचारासाठी सोडू शकते. उपचाराचा अहवाल जास्तीत जास्त एका वर्षात न्यायालयापुढे द्यावा लागतो.

हे आपोआप होत नाही. वकिलाने मागणी करावी लागते, म्हणून पहिल्या भेटीतच त्याला व्यसनाचे खरे सांगा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीतल्या प्रत्येकाला आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो. 1990 पासून बौद्धही अनुसूचित जातीत येतात. फोन : 15100.

कोठडीत असताना
गर्द बंद झाली की आठ-बारा तासांत नाकाडोळ्यांतून पाणी, अंगदुखी, जुलाब, उलट्या सुरू होतात. दोन-तीन दिवस त्रास फार होतो, मग आठवड्याभरात ओसरतो. रोज दारू पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. तो काय आणि किती घेत होता, हे पोलिसांना व डॉक्टरांना लगेच सांगा. लपवू नका.

घरी परतल्यावर
धोक्याचे दिवस हेच. आत असताना शरीराची सवय मोडलेली असते. बाहेर येऊन पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर श्वास बंद पडून माणूस दगावू शकतो. म्हणून सुटकेआधीच डॉक्टर ठरवून ठेवा. गर्दची तलफ आवरायला डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिल्या जाणाऱ्या गोळ्या आहेत. रत्नागिरीतच प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तेथे किंवा सिव्हिल हॉस्पिटलमध्ये चौकशी करा. व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मोफत फोन : 14446.

पुन्हा घसरला, तर "हा सुधारणार नाही" म्हणून घराबाहेर काढू नका. पुन्हा उपचाराला न्या. पाचवे शील आपण रोज म्हणतो. ते पाळायला त्याला हात देणे, हे घराचे आणि वाडीचेही काम आहे.