चिखलदरा

चिखलदरा हे महाराष्ट्राच्या अमरावती जिल्ह्यातील एक नगर, त्याच नावाच्या तालुक्याचे मुख्यालय आणि विदर्भातील एकमेव थंड हवेचे ठिकाण आहे. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंचीच्या पठारावर ते वसले आहे. २०११ च्या जनगणनेत नगराची लोकसंख्या ५,१५८ नोंदली गेली. स्वतंत्र नगरपरिषद असलेल्या राज्यातील सर्वांत लहान नगरांमध्ये त्याची गणना होते. विदर्भात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या ठिकाणांपैकी एक असूनही येथे उन्हाळ्यात पाण्याची टंचाई भासते, आणि कागदोपत्री जेमतेम पाच हजारांची वस्ती असूनही नागरी सुविधा कित्येक पट अधिक माणसांना पुरवाव्या लागतात. या दोन्ही विसंगतींची कारणे नगराच्या भूरचनेत आणि लोकसंख्येच्या स्वरूपात आहेत.

नाव

महाभारतातील भीमाने विराटाचा सेनापती कीचक याला मारून येथील दरीत फेकले, त्यावरून ‘कीचकदरा’ आणि पुढे ‘चिखलदरा’ असे नाव पडले, अशी कथा प्रचलित आहे. भीमकुंड, कीचकदरी आणि वैराट ही परिसरातील स्थळनामे याच कथेशी जोडली जातात. ही लोकव्युत्पत्ती आहे; मात्र ती परिसरात इतकी रुजली आहे की येथील बहुतेक स्थळांची ओळख तिच्याच आधारे करून दिली जाते.

स्थान व भूरचना

वऱ्हाडाचे परंपरेने तीन भाग मानले जातात: दक्षिणेकडील डोंगराळ बालाघाट, मधला पूर्णा नदीच्या काळ्या मातीचा सपाट पायनघाट आणि उत्तरेकडील मेळघाट. चिखलदरा पायनघाट आणि मेळघाट यांच्या सीमेवरील कड्यावर आहे. पायथ्याच्या अचलपूर-परतवाडा या जुळ्या शहरांची उंची ४०० मीटरांपेक्षा कमी आहे. तेथून डोंगराकडे पाहिले असता रांग भिंतीसारखी उभी दिसते. गाविलगड भ्रंश या नावाने ओळखली जाणारी भूकवचातील मोठी भेग या रांगेच्या दक्षिण पायथ्याजवळून जाते. तिच्या एका बाजूचा भूभाग उचलला गेल्याने दक्षिण उतार तीव्र झाला, तर उत्तरेकडे जमीन टप्प्याटप्प्याने, दऱ्याखोऱ्यांतून तापी नदीकडे उतरते. परिसरातील सर्वांत उंच ठिकाण वैराट हे असून त्याची उंची सुमारे १,१७८ मीटर आहे.

पठार बेसॉल्ट खडकाचे आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेल्या या खडकाचे काही थर भेगाळलेले, तर काही अत्यंत कठीण व अभेद्य आहेत. कड्यांच्या पायऱ्या आणि पावसाळ्यात त्यांवरून कोसळणारे धबधबे ही याच थरांची निर्मिती होय. पठाराच्या कडेवरील प्रेक्षणीय जागांना इंग्रजी अमदानीपासून ‘पॉइंट’ म्हणण्याची रीत पडली. देवी पॉइंट, पंचबोल पॉइंट, हरिकेन पॉइंट, मोझरी पॉइंट ही नावे मराठी बोलण्यातही तशीच वापरली जातात.

गाविलगडाची रांग हा जलविभाजक आहे. दक्षिणेकडे चंद्रभागा, सापन, बिच्छन या नद्या अचलपूरच्या मैदानात उतरून पूर्णेच्या खोऱ्यात जातात. उत्तरेकडे खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या मेळघाटातील पाच नद्या तापीला मिळतात. पूर्णाही पुढे खानदेशात तापीलाच मिळत असल्याने पठाराच्या कोणत्याही कडेवरून वाहून गेलेले पाणी अखेरीस एकाच नदीत जाते. ‘सिपना’ हा कोरकू भाषेतील सागाचा वाचक शब्द असून, या नदीच्या खोऱ्यातील सागवनांची साक्ष तिच्या नावातच मिळते.

हवामान आणि पाणी

चिखलदऱ्याचे वार्षिक सरासरी पर्जन्यमान सुमारे १,५०० मिलिमीटर आहे. डोंगराखालच्या पायनघाटात याच्या निम्म्याच्या आसपास पाऊस पडतो. अकोला व अमरावती येथे मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जात असताना चिखलदऱ्याचे कमाल तापमान सहसा ३९ अंशांच्या आत राहते. हिवाळ्यात किमान तापमान ५ अंशांपर्यंत उतरते. जुलै ते सप्टेंबर या काळात पठार बहुधा धुक्यात असते.

एवढे पाणी पडूनही ते पठारावर टिकत नाही. नगर पाणलोटाच्या अगदी माथ्यावर असल्यामुळे वरून वाहत येणारा एकही प्रवाह त्याला लाभलेला नाही. मातीचा थर पातळ, खडक कठीण आणि उतार तीव्र असल्याने पावसाचे पाणी काही तासांत दरीत जाते. विहिरींना बारमाही पाणी मिळेल इतका भूजलसाठा बेसॉल्टच्या अशा माथ्यावर तयार होत नाही. चंद्रभागेचा उगम देवी पॉइंटजवळ सांगितला जातो. पण तिचे पाणी साठवणारे धरण पायथ्याशी आहे. सापन नदीवरील धरणही वझ्झरजवळ, म्हणजे डोंगराखालीच आहे. चिखलदऱ्यावर पडणाऱ्या पावसाचा मोठा लाभ अशा रीतीने अचलपूर तालुक्यातील संत्र्याच्या बागांना आणि मैदानातील गावांना होतो.

नगराची भिस्त पठारावर अडवलेल्या पाण्यावर आहे. काळापाणी, शक्कर तलाव, मच्छी तलाव ही त्यांपैकी प्रमुख नावे. हे साठे पावसाळ्यात लवकर भरतात आणि एप्रिल-मेमध्ये, म्हणजे मैदानातून लोक उन्हाळ्यासाठी वर येतात त्याच वेळी, तळाला जातात. तालुक्यातील गावांची स्थिती याहून कठीण असते. खडीमल या गावात वर्षानुवर्षे उन्हाळ्यात टँकरचे पाणी विहिरीत सोडले जाते आणि ग्रामस्थ ते पोहऱ्याने उपसून घेतात.

इतिहास

वस्तीच्या इतिहासाचे मूळ नैर्ऋत्येच्या डोंगरावरील गाविलगड किल्ल्यात आहे. बहमनी सुलतान अहमदशाह वली याने तो पंधराव्या शतकात बांधविला. पुढे तो इमादशाही, मोगल, निजाम व नागपूरकर भोसले यांच्याकडे राहिला. किल्ल्याच्या तीन बाजूंना तुटलेले कडे आहेत. फक्त उत्तरेकडे तो एका अरुंद सोंडेने पठाराशी जोडलेला आहे. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, २९ नोव्हेंबर १८०३ रोजी झालेल्या अडगावच्या लढाईनंतर, आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांच्या फौजा किल्ल्यावर चालून गेल्या. स्टीव्हन्सनने जड तोफा धामणगावमार्गे डोंगर चढवून उत्तरेकडील लवाद्याच्या बाजूस नेल्या आणि तेथून तटाला खिंडार पाडले. १५ डिसेंबर १८०३ रोजी किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढाईत मारला गेला. परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे जाणारा आजचा मुख्य रस्ताही धामणगाव गढीवरूनच चढतो, कारण या कड्यावर चढण्याजोग्या वाटा मुळातच मोजक्या आहेत.

हैदराबाद संस्थानच्या सैन्यातील कॅप्टन रॉबिन्सन याने १८२३ मध्ये हे पठार इंग्रजांच्या दृष्टीस आणले, असे सांगितले जाते. अचलपूरच्या छावणीतील अधिकाऱ्यांना उन्हाळा घालविण्यासाठी ते सोयीचे होते. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपविल्यानंतर येथे बंगले, विश्रामगृहे व बागा वाढल्या. १८५८ मध्ये तात्या टोपे यांच्या हाती पडू नये म्हणून गाविलगडाची तटबंदी जागोजागी पाडण्यात आली. तेव्हापासून लष्करी महत्त्व संपून पठाराची ओळख आरोग्यस्थान म्हणून राहिली.

लोकसंख्या

२००१ च्या जनगणनेत नगराची लोकसंख्या सुमारे ४,७०० होती. २०११ मध्ये ती ५,१५८ झाली. दहा वर्षांत जेमतेम साडेचारशेची ही वाढ आहे. २०११ मध्ये अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या २८,८८,४४५, तर चिखलदरा तालुक्याची सुमारे १ लाख १८ हजार होती. तालुक्यातील हे एकमेव नगर असले, तरी दर शंभरांतील चार-पाच माणसेच त्यात राहतात. बाकीची लोकसंख्या जंगलाने वेढलेल्या लहान गावांत विखुरलेली आहे.

या आकड्यांचा अर्थ लावताना जनगणनेची पद्धत लक्षात घ्यावी लागते. २०११ ची गणना फेब्रुवारीत झाली आणि तिचा संदर्भक्षण १ मार्च हा होता. माणसाची नोंद त्याच्या नेहमीच्या निवासस्थानी होत असल्याने पर्यटक या आकड्यात येत नाहीत. पावसाळ्यातील शनिवार-रविवार, स्वातंत्र्यदिनाला जोडून येणाऱ्या सुट्ट्या, दिवाळी आणि वर्षाखेर या दिवसांत नगरात असलेल्या माणसांची संख्या स्थायी लोकसंख्येपेक्षा कितीतरी अधिक असते. पाणी, सफाई, वाहनतळ आणि आरोग्यसेवा यांवरचा ताण या दुसऱ्या संख्येवर अवलंबून असतो, तर लोकसंख्येशी निगडित निधी व कर्मचाऱ्यांची मंजुरी पहिल्या संख्येवर ठरते. नगराच्या बहुतेक नागरी प्रश्नांचे मूळ या दोन संख्यांमधील अंतरात आहे. २०२१ ची जनगणना झाली नाही आणि पुढील गणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ हा ठरल्यामुळे २०११ चा आकडाच दीर्घकाळ वापरात राहिला आहे.

नगरात पुरुषांचे प्रमाण स्त्रियांपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक आहे. वन प्रशिक्षण संस्था, शासकीय कार्यालये, वसतिगृहे आणि हॉटेले येथे एकट्याने राहणाऱ्या पुरुषांची संख्या मोठी असल्याचा हा परिणाम मानता येतो. कोरकू समाजात मुलींच्या जन्माविषयीचा तिटकारा मैदानी भागाइतका तीव्र नसल्याने या तफावतीचे कारण आसपासच्या गावांत शोधणे चुकीचे ठरेल.

तालुक्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण तीन-चतुर्थांशांहून अधिक असून त्यांत कोरकू सर्वांत मोठ्या संख्येने आहेत. कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुळातील मुंडा गटाची भाषा आहे. संथाळी व मुंडारी या तिच्या भाषाभगिनी शेकडो किलोमीटर पूर्वेस, झारखंड व ओडिशाच्या भागात बोलल्या जातात. त्यामुळे मेळघाट हे या भाषागटाचे पश्चिमेकडील टोक ठरते. कोरकूंखेरीज गवळी, निहाल, गोंड, बलई हे समाजही येथे आहेत. नगरात मराठी, हिंदी व कोरकू तिन्ही भाषा ऐकू येतात. नगराजवळच्या मरियमपूर येथे ख्रिस्ती वस्ती आहे.

लोकसंख्येच्या हालचालीचा आणखी एक प्रवाह पर्यटकांच्या उलट दिशेचा आहे. खरीप हंगाम संपल्यावर तालुक्यातील अनेक कुटुंबे कामासाठी मैदानात उतरतात आणि होळीला परततात. होळी हा कोरकूंचा वर्षातील सर्वांत मोठा सण असून, त्या सुमारास गावे पुन्हा भरतात.

प्रशासन

महाराष्ट्र नगरपरिषदा, नगर पंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ नुसार ४० हजारांपर्यंत लोकसंख्येच्या नगरपरिषदा ‘क’ वर्गात येतात. चिखलदरा नगरपरिषद याच वर्गातील आहे. एरवी एवढ्या वस्तीला ग्रामपंचायत असते. थंड हवेचे ठिकाण म्हणून माथेरान व पन्हाळ्याप्रमाणे चिखलदऱ्यालाही नगरपरिषद लाभली. पूर्वी संपूर्ण मेळघाट हा एकच तालुका होता. त्याचे विभाजन होऊन धारणी व चिखलदरा हे दोन तालुके झाले. नगर व लगतच्या आलाडोह, मोथा, शहापूर, लवादा या गावांच्या नियोजनबद्ध विकासासाठी राज्य शासनाने सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नियुक्ती केली आहे.

नगराच्या विस्ताराला मर्यादा आहेत. परिसरातील जंगल मेळघाट व्याघ्र प्रकल्पाशी संलग्न असून, १९७३-७४ मध्ये देशात स्थापन झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी तो एक आहे. त्याचा गाभा असलेल्या गुगामल राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र ३६१.२८ चौरस किलोमीटर आहे. गाविलगड किल्लाही प्रकल्पाच्या हद्दीतच येतो. वन्यजीव संरक्षणासाठी वैराटसह अनेक गावांचे पुनर्वसन झाले. एका बाजूस गावे उठत असताना दुसऱ्या बाजूस पर्यटन वाढविण्याच्या योजना आखल्या जातात, यावर स्थानिक पातळीवर सातत्याने चर्चा होत आली आहे. गोराघाट ते हरिकेन पॉइंट या दरम्यान सिडकोने हाती घेतलेला, सुमारे ४०० मीटर लांबीचा काचेचा आकाशमार्गही वन्यजीवविषयक परवानग्यांअभावी काही काळ रखडला होता.

अर्थजीवन

पर्यटन हे नगराचे मुख्य उपजीविकेचे साधन असून त्याखालोखाल शासकीय नोकऱ्यांचे स्थान आहे. शेती नगरात नगण्य असली, तरी आसपासच्या गावांत ज्वारी, सोयाबीन, कोदो-कुटकी यांसारखी पिके घेतली जातात. इंग्रजी काळात येथे कॉफीची लागवड सुरू झाली. विदर्भात कॉफी पिकणारे हे एकमेव ठिकाण आहे, मात्र तिचे क्षेत्र अत्यल्प आहे. अलीकडे मोथा व आलाडोह येथील शेतकरी स्ट्रॉबेरी पिकवून रस्त्याच्या कडेला विकतात. मोथ्याचा खवा मात्र त्याहून जुना आणि अधिक नावाजलेला आहे. गवळी कुटुंबे म्हशींचे दूध लाकडाच्या जाळावर आटवून तो तयार करतात आणि तो परतवाड्यामार्गे मैदानातील मिठाईवाल्यांकडे जातो. दूध नासण्यापूर्वी बाजारात पोहोचविणे घाटामुळे कठीण असल्याने ते आटवून नेणे सोयीचे ठरले.

दळणवळण

परतवाड्याहून चिखलदऱ्याला दोन मार्गांनी जाता येते: धामणगाव गढी व मोथा यांवरून जाणारा जवळचा मार्ग आणि धारणी रस्त्यावरील घटांगवरून फुटणारा लांबचा मार्ग. गर्दीच्या दिवसांत पोलीस एक मार्ग चढण्यासाठी व दुसरा उतरण्यासाठी राखून ठेवतात. पायथ्याच्या अचलपूरपर्यंत मूर्तिजापूरहून ‘शकुंतला’ ही अरुंदमापी रेल्वे येत असे. ती बंद पडली आहे. आता मुंबई-नागपूर लोहमार्गावरील बडनेरा हे सोयीचे स्थानक असून तेथून अमरावती, परतवाडा असा रस्त्याने प्रवास करावा लागतो.