नेम धरायला शिकताना : नवख्यांसाठी दोन दिवसांचे रायफल शिबिर

बंदूक म्हटली की आपल्या घरातल्या आईच्या काळजात धस्स होते. बंदूक असते ती पोलिसाच्या हातात नाही तर गुंडाच्या, असेच आपण समजत आलो. म्हणून शाळेतून आलेल्या मुलीने "रायफल क्लबात शनिवार-रविवारचे शिबिर आहे, जाऊ का?" असे विचारले, की तोंडातून आधी नकारच बाहेर पडतो. हा नकार देण्यापूर्वी त्या दोन दिवसांत नेमके काय शिकवतात, ते पालकांनी समजून घेतले पाहिजे.

नवख्यांच्या हाती बहुतेक ठिकाणी एअर रायफल देतात. तिच्यात दारू नसते. दाबलेल्या हवेच्या जोरावर 4.5 मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. लक्ष्य 10 मीटरवर, म्हणजे सुमारे 33 फुटांवर असते. स्पर्धेच्या लक्ष्यावर मधला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा! तरीही हे खेळणे नव्हे. छर्रा डोळा फोडू शकतो. म्हणून चांगल्या क्लबात पहिला तास रायफलीला हात न लावताच जातो.

त्या तासात शिस्त शिकवतात. रायफल रिकामी असली तरी भरलेलीच समजायची. नळीचे तोंड सदैव लक्ष्याकडे. नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवायचे नाही. प्रशिक्षकाने "थांबा" म्हटले की सगळ्यांनी थांबायचे, आणि कुणी लक्ष्याजवळ गेले असेल तर रायफलीला स्पर्शही करायचा नाही. छर्रे शिशाचे असल्याने खाण्यापूर्वी हात साबणाने स्वच्छ धुवायचे. एवढे ज्याला पाळता येत नाही, त्याला पुढे जाऊ देत नाहीत.

मग कोणता डोळा जोरकस आहे ते तपासतात. सुरुवातीला रायफल टेबलावर टेकवून नेम धरायला शिकवतात, कारण स्पर्धेची रायफल साडेपाच किलोपर्यंत वजनाची असू शकते. श्वास अर्धवट सोडून क्षणभर थांबायचे आणि चाप झटक्याने न ओढता हळूहळू दाबायचा. छर्रा सुटल्यावरही रायफल लगेच खाली घ्यायची नाही. आधी छर्रा न भरताच हा सराव करून घेतात.

दुसऱ्या दिवशी खरे छर्रे मिळतात. येथे पोरे हिरमुसतात, कारण दहा गुण काही मिळत नाहीत. पण प्रशिक्षक गुण पाहतच नाहीत. पाच छर्रे एकमेकांजवळ पडले का, एवढेच ते पाहतात. छर्रे जवळजवळ पडले, पण मध्यापासून दूर, तर रायफलीवरचे साधन फिरवून ते मध्यावर आणता येतात. विखुरले तर मात्र दोष उभे राहण्यात, श्वासात नाही तर बोटात असतो.

आता मुख्य अडचण, पैशाची. परदेशी बनावटीच्या स्पर्धेच्या रायफलीची किंमत लाखांच्या घरात जाते. शिवाय जाड कोट, बूट, छर्रे हे वेगळेच. ही गोष्ट लपवून उपयोग नाही. पण सगळे दरवाजे बंदही नाहीत. शिबिरात क्लबचीच रायफल वापरायला मिळते. शाळा-कॉलेजात एनसीसी असेल तर तेथे .22 रायफलीचा सराव होतो. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत निवड झाली तर राहणे, शिक्षण आणि प्रशिक्षण यांची सोय होते. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याच प्रबोधिनीतून घडला. 2015 मध्ये तो मध्य रेल्वेत नोकरीला लागला आणि तिकीट तपासनीस म्हणून काम करता करता खेळत राहिला. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल प्रकारात त्याने कांस्यपदक मिळवले. 1952 मध्ये हेलसिंकीत पदक जिंकणाऱ्या खाशाबा जाधवांनंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळायला 72 वर्षे लागली! कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला जागतिक विजेत्या झाल्या. मुलींनी हा खेळ खेळू नये, असे म्हणणाऱ्यांना हे एकच उदाहरण पुरे.

दोन दिवसांच्या शिबिरातून कुणी पदकवीर होत नाही. पण हात थरथरत असताना मन स्थिर कसे ठेवायचे, हे तेथे कळते. परीक्षेत आणि मुलाखतीतही तेच लागते.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी बापाने किंवा आईने एकदा स्वतः रेंजवर जावे. प्रशिक्षक किती, मुले किती? एका वेळी रायफली किती चालतात? रायफल आणि छर्रे फीमध्ये धरले आहेत का? सज्ञान नसलेल्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती घेतात का? "आधी रायफल विकत घ्या" असे कुणी पहिल्याच दिवशी म्हणाले, तर तेथून परत फिरावे. कर्ज काढून रायफल घेण्याची घाई नको. मुलाची ओढ वर्षभर टिकते का, ते आधी पाहावे. टिकली, तर मात्र पाठीशी उभे राहावे.