पोट कोणाचे, मत कोणाचे?

यवतमाळला एका विहारातील बैठकीला आम्ही बसलो होतो. विषय निवडणुकीचा, पण बोलणे गर्भपातावर गेले. पक्षाचे एक जुने कार्यकर्ते म्हणाले, "पंचशीलातलं पहिलंच शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचं. मग आपल्या पक्षानं याचं समर्थन कसं करावं?" कापूस वेचणीला जाणाऱ्या एक बाई उठल्या. "भाऊ, चौथ्या खेपेला मी दवाखान्याच्या पायरीवर बसून होती. तवा पक्ष कोठी होता?"

बैठक ठरावाविना उठली. आम्हाला त्याचे वाईट वाटले नाही. मतभेद निदान उघड्यावर तरी आला.

मोठ्या पक्षांनाही हा वाद चुकला नाही. शेजारच्या वर्ध्यात डिसेंबर १९३५ मध्ये संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर गांधीजींना भेटल्या. गांधीजींना कृत्रिम साधने मान्य नव्हती, संयम हाच त्यांचा मार्ग. नेहरूंचे मत निराळे. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसमधला हा भेद मंत्रिमंडळात गेला. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीजींच्या मताच्या, तर नियोजन आयोगाचे अध्यक्ष स्वतः नेहरू. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनाला ६५ लाख रुपये मिळाले, पण आरोग्य खात्याचा भर सुरक्षित दिवस मोजण्यावर. त्यासाठी बायकांना मण्यांच्या माळा! नवरा पिऊन घरी आला की माळ काय करणार?

बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने प्रश्न मुळाशी धरला होता. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रचाराचा आणि सोयींचा ठराव मांडला. बाबासाहेब त्या दिवशी हजर नव्हते. त्यांनी तयार केलेले भाषण रोहम यांनी वाचले. मूल केव्हा व्हावे, व्हावे की नाही, हे बाईच्या इच्छेवर असावे, असा त्याचा आशय. ठराव फेटाळला गेला. त्यात गर्भपाताची मागणी नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण निर्णय कोणाचा, हे तेथे स्पष्ट झाले होते.

पुढे १९६४ मध्ये केंद्राने गर्भपाताच्या प्रश्नावर समिती नेमली. अध्यक्ष महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. त्या वेळी मुख्यमंत्री होते आपल्याच जिल्ह्यातले, पुसदचे वसंतराव नाईक. समितीचा अहवाल १९६६ साली आला आणि १९७१ मध्ये कायदा झाला. साधन फसल्याचे कारण मात्र त्यात विवाहितेपुरतेच धरले होते. २०२१ च्या दुरुस्तीने ती अट गेली. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. काही ठराविक परिस्थितीत दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत परवानगी आहे, आणि त्यात अविवाहिताही येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. म्हणजे आजही शेवटचा शब्द डॉक्टरचा. बाईच्या इच्छेला कायद्याने अजून पूर्ण जागा दिलेली नाही. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणे ही वेगळी गोष्ट. गर्भाचे लिंग तपासणे हा गुन्हाच आहे. दोन्हींची गल्लत करून बाईला परत पाठवू नये.

बैठकीनंतर ते जुने कार्यकर्ते आमच्याजवळ आले. "नवऱ्याची सही लागते काय?"

लागत नाही. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. तरी सही आणा म्हणणारे भेटतातच.

त्यांनी ते वहीत लिहून घेतले. मत बदलले नव्हते. पण त्या बाईंना थांबवून वहीतले वाचून दाखवताना आम्ही त्यांना पाहिले.